पांढरा ठिपका

प्रिय खटपटी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी दचकली असशील. गाड्यांच्या नंबरांपलीकडे ज्यानं आयुष्यात काही लिहिलं नाही, तो माणूस आज पानंच्या पानं कशी लिहितोय, असं म्हणशील. घाबरू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात आणि माझा डावा कान जवळजवळ गेलाय, एवढंच. रविवारी तू आईशी फोनवर जे बोललीस ते तिनं मला जेवताना सांगितलं. तिकडच्या त्या मोठ्या वर्कशॉपनं तुला इंजिनांच्या कामाची मुख्य म्हणून बोलावलंय, नव्या पोरापोरींना शिकवायचंही आहे, आणि तू नाही म्हणणार आहेस. शनिवारपर्यंत कळवायचंय म्हणे. सुट्या भागांचं काउंटरच बरं, तिथं माझ्या हातून कुणाचं हाड मोडत नाही, असं तू म्हणालीस. आई तेवढं सांगून जेवायला लागली. माझा हात मात्र खिशात गेला, कारण त्या वेळी तिथं एक बोल्ट होता. त्याचं पुढे सांगतो.

आपले गणिताचे सर आठवतात ना? न आठवून कसं चालेल! आठ वर्षांत त्यांनी आपल्या गॅरेजची पायरी चढली नव्हती. रस्त्यात दिसले की मीच समोरच्या दुकानातल्या वजनकाट्याकडे बघत उभा राहायचो. गेल्या गुरुवारी ते स्वतः गाडी घेऊन आले. तीच काळी मोटरसायकल, तीच टाकीवरची पोच. सकाळी चालू करताना इंजिन खडखडतं, मग तो आवाज आपोआप थांबतो, असं म्हणाले. दोन मेकॅनिकांनी वरच्या झडपांचे टॅपेट लावून दिले, तिसऱ्यानं ऑईल बदललं, चौथ्यानं तर सरांनाच कान तपासून घ्यायला सांगितलं. शेवटी नाइलाज म्हणून आलो, हेही त्यांनी सांगून टाकलं. सर अजून तसेच आहेत, तोंडावर बोलणारे.

दुपारी गाडी गरम होती, त्यामुळे आवाज कुठला यायला? तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, बाबा, गाडी ठेवून घ्या, सकाळी थंड असताना ऐकू. मी तेच केलं. शुक्रवारी सकाळी लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवला, मूठ कानाला लावली आणि किक मारली. खडखडलं खरं, पण कुठून ते मला कळेना. या कानाचं आता असं झालंय की आवाज येतो, पत्ता येत नाही. मग आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, आधी मला दोन शब्द सुनावले, मग स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटून उभी राहिली. इंजिन थंड करून तीनदा चालू केलं, सगळी सकाळ त्यातच गेली. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं तीन सेकंद वाजतं, म्हणाली, आणि ते वर नाही, मागच्या अंगाला आहे. टॅपेट असता तर वाजतच राहिला असता. तीन सेकंदांत गप्प होणारी वस्तू इंजिनात एकच, आतली टायमिंग चेन. तिला ताणून धरणारा टेन्शनर थकला की रात्रभर उभ्या गाडीत ती सैल पडते, आणि सकाळी जागेवर येईपर्यंत थडथडते. हे मी तुला शिकवलं, की तू मला? खरं सांगायचं तर आठ वर्षांपूर्वी याच गाडीवर मी टॅपेट म्हणत होतो आणि टेन्शनर तू म्हणाली होतीस. तुझंच बरोबर होतं.

शनिवारी टेन्शनर बाहेर काढला. त्याची दांडी अंगठ्यानं दाबून पाहिली. आत जायला नको होती, ती लोण्यात बोट जावं तशी गेली. आठ वर्षं चाललेला भाग, त्याचं आयुष्य संपलं, यात कुणाचीच चूक नाही. चेनला आतून आधार देणारी पट्टीही झिजली असेल म्हणून इंजिनाची मॅग्नेटकडची बाजू उघडली. आत, पट्टीच्या बोल्टवर, तुझा लाल ठिपका होता. तेलानं काळवंडलेला, पण होता. पाना लावला तर बोल्ट हलेना. शेवटी पान्याच्या दांड्यावर पाईप चढवून जोर दिला तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला. आठ वर्षं त्या इंजिनानं त्याला हादरे दिले आणि तो केसभर हलला नव्हता. नवा बोल्ट लावला आणि तुझा खिशात टाकला.

तुला आपला नियम आठवत असेलच, मीच केला होता. ज्यानं बोल्ट शेवटचा आवळला त्यानं त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. माझा पांढरा ऑईलपेंट, तुझी ती लाल नेलपॉलिश, जिच्यावरून आई म्हणायची की पोरीची नखं काळी आणि बोल्ट मात्र रंगवलेले. पाना आधी, रंग नंतर. आणि ज्या बोल्टवर ठिपकाच नाही, त्याची जबाबदारी ज्यानं तो बसवला त्याची. हा नियम मी दहा वेळा घोकून घेतला होता तुझ्याकडून.

आता त्या दिवसाचं. आतलं सगळं काम तू केलंस. टेन्शनर बसवलास, बाहेरचे त्याचे दोन बोल्ट हातानं फिरवून ठेवलेस, आणि पाना घेणार इतक्यात मी तुला नाक्यावर बंद पडलेल्या गिऱ्हाइकाकडे पिटाळलं. जा, हे मी आवळतो, असं म्हणालो. म्हणालो होतो ग. तू गेल्यावर पेंटचा डबा उघडाच होता, वरचे दोन-तीन बोल्ट मी आवळलेले होते, ब्रश हातात होता, म्हणून एका दमात सगळ्यांवर ठिपके देऊन टाकले. टेन्शनरच्या दोघांवरही. म्हटलं, आता आवळतोच आहे. तेवढ्यात कुणीतरी गप्पा मारायला आलं. गप्पा संपल्यावर मी इंजिनाकडे पाहिलं, सगळीकडे पांढरे ठिपके दिसले, आणि गाडी धुवायला घेतली. दुसऱ्याला नियम शिकवणाऱ्या शहाण्यानं आपलाच नियम उलटा केला. तू परत आलीस तेव्हा गाडी चकाचक होऊन दारात उभी होती.

पाच दिवसांनी बोल्ट ढिले झाले, तेल मागच्या टायरवर सांडलं, आणि वळणावर सर घसरले. मनगट दोन ठिकाणी मोडलं. कितीतरी दिवस फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होते. टेम्पोतून गाडी आली तेव्हा सरांचा भाऊ, शेजारचा वेल्डर, चार बघे, सगळे गोळा झाले होते. मी वाकून पाहिलं. तेलाच्या राड्यात दोन ढिले बोल्ट, आणि त्यांच्यावर माझे पांढरे ठिपके.

माझ्या हातात पेट्रोलचं फडकं होतं. मी ते पुसले.

तेल पुसतोय असं दाखवत पुसले. आणि मग सगळ्यांसमोर तुला विचारलं, टेन्शनर कुणी बसवला होता? तू म्हणालीस, मी, पण बाबा, जाताना तुम्ही... मी तुला वाक्य पुरं करू दिलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं वर तुलाच सुनावलं. गुडघे टेकून तू ठिपका शोधलास, मला अजून दिसतंय. बोटानं बोल्ट चोळून पाहिलेस. ठिपका नव्हता. मग तूच मान खाली घालून म्हणालीस, माझाच राहिला असेल. दहा दिवसांत तू गाव सोडलंस, आणि मी लोकांना सांगत राहिलो की पोरीला मोठ्या शहरात नोकरी लागली.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला आठ वर्षं खवखवतंय. दर दिवाळीला, दर फोनवर शब्द जिभेवर आले आणि परत गेले. आधी वाटायचं, गॅरेजचं नाव जाईल. मग वाटायला लागलं, आता इतक्या उशिरा सांगून काय उपयोग, पोर सुखात आहे. तू सुखात नाहीस हे मला ठाऊक होतं. तुझ्या आवाजाचा पत्ता मला या कानानंही लागतो. मी भेकड आहे, खटपटी. बाप असून तुझ्या मागे लपलो.

काल, सोमवारी, सर गाडी न्यायला आले. थंड इंजिन चालू केलं, तीन सेकंद आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. काही वाजलं नाही. सर हसले, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. ठिपके, फडकं, सगळं. वाटलं, शिव्या देतील. ते मनगट चोळत म्हणाले, माझं हे तीन महिन्यांत जुळलं हो, मला सांगून काय करता, तिला सांगितलंत का? संध्याकाळी आईला सांगितलं. आज सकाळी ती चहाचा कप आदळून एवढंच म्हणाली, फोन करू नका, फोनवर तुम्ही खोकून वेळ मारून न्याल, लिहा.

म्हणून लिहिलं, पण ते एवढ्यासाठीच नाही. मला माफ कर म्हणायचा मला हक्क नाही, तुला वाटलं तर करशील, नाही वाटलं तर नाही. हे पत्र तुझ्यासाठी कमी आणि तिकडच्या लोकांसाठी जास्त आहे. आपल्या हातून एका माणसाचा हात मोडला असं तू त्यांनाही सांगितलंयस, हे आईनं मला सांगितलंय. तर शनिवारच्या आत हा कागद त्यांच्या टेबलावर ठेव. खाली माझी सही आहे, गॅरेजचा शिक्का आहे, आणि शेजारी सरांची उजव्या हातानं केलेली सही असेल, कागद आता त्यांच्याकडेच नेतोय. तुझा बोल्ट सोबत पाठवतोय. तो सोडवायला मला पाईप लावावा लागला हे त्यांना नक्की सांग. आणि माझ्या सहीपुढे पांढरा ठिपका दिलाय बघ. या वेळी आधी आवळलं, मग रंग दिला.

तुझाच, आठ वर्षं उशिरा,
बाबा