कोणता पंखा?

मंगळवार, संध्याकाळ. बदनापूर.

गच्चीवरच्या पवनचक्कीला घरात आम्ही सगळेच पंखा म्हणतो. तिथंच घात झाला.

वादळ एकाएकी उठलं. माझी बायको सुनंदा गच्चीवर साडीवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करत होती. वरून ओरडली, "अहो, पंखा बंद करा, जल्दी!" मी उठलो, खोलीतला पंखा बंद केला, परत मोबाईलमध्ये डोकं घातलं. तिनं वरूनच विचारलं, "केला का?" मी वैतागून म्हणालो, "केला की बंद!"

केला की बंद. पवनचक्कीच्या ब्रेकचं बटन माझ्या हाताशी होतं. वर पाती घोंघावत होती, ते ऐकू कसं आलं न्हाई मला?

मंग वीज कडाडली. पवनचक्कीला जोडलेल्या इन्व्हर्टरमधून धूर निघाला. मी जिन्याकडे धावलो, तर सुनंदा कुरडयांची पाटी घेऊन खाली येत होती. तिनं छताच्या थांबलेल्या पंख्याकडं पाह्यलं. "हा व्हय?" एवढंच म्हणाली.

कुरडयांच्या साडीचं एक टोक पवनचक्कीच्या खांबाला बांधलेलं होतं. वर पाती फिरत असताना ते सोडायला ती घाबरत होती. माझं "केला की बंद" ऐकलं, तेव्हा कुठं, पाती आता थांबतीलच असं समजून, तिनं खांबाला हात लावला.