मेडिकलच्या अर्जासाठी एक रुग्ण

३ फेब्रुवारी
आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: सीडरच्या पट्ट्यांची होडी. अंगणातली सॉना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची खोली (दार आतून अडकतं, पण तो दोष बिजागऱ्यांचा आणि बिजागऱ्या विकतच्या). स्वयंपाकघरातली सगळी कपाटं. व्हर्नाचा चष्मा, दोनदा. आणि बी.एस्सी. रात्रीच्या वर्गांना जाऊन, नऊ वर्षांत. तीही हातचीच धरतो.
आता डॉक्टर. वय एक्कावन्न. अर्धं आयुष्य डुलुथमधल्या घरोघरच्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या. पंप, नळ्या, झडपा. हृदयात याहून वेगळं काय असतं?
व्हर्ना म्हणाली, भट्टी रडत नाही, लोवेल. बायकोला तांत्रिक विषयात गती नाही.

४ फेब्रुवारी
कॉलेजच्या सल्लागार डॉ. प्रुइट बाईंना भेटलो. मार्क उत्तम, प्रवेशपरीक्षा उत्तम. मग बाईंनी विचारलं, आजारी माणसाशेजारी कधी बसला आहात का? म्हटलं, बसायचं कशाला, उभ्याने काम लवकर उरकतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
निष्कर्ष: कुठेतरी व्हॉलंटिअर व्हायचं आणि जूनच्या आत तिथल्या प्रमुखाचं शिफारसपत्र मिळवायचं. पत्र नसेल तर अर्जच करू नका, म्हणाल्या. माझ्या वयाला पुढचं वर्ष, पुढचं वर्ष करत बसणं परवडणार नाही. पत्र हवंच. मिळेलच.

९ फेब्रुवारी
बर्च कोर्ट शुश्रूषागृह. प्रमुख मोरीन टॉलेफसन, हसतमुख बाई. माझ्या वाट्याला ऑर्विल हाउगेन आला. वय सत्त्याऐंशी, पूर्वी लोहखनिजाच्या बोटींवर आचारी, आता फुप्फुसं थकलेली. काम काय, तर दर गुरुवारी त्याच्याशी पत्त्यांचा क्रिबेज खेळायचा आणि तो बोलेल ते ऐकायचं. मी विचारलं, आणि? मोरीन म्हणाली, आणि काही नाही. एवढंच.
फारच सोपं आहे.

१२ फेब्रुवारी
ऑर्विलला भेटलो. क्रिबेजचे गुण खुंट्या सरकवून मोजायची त्याची पाटी पाहिली आणि धक्का बसला. भोकं वाकडी. खुंट्यांच्या जागी काडेपेटीतल्या काड्या! अशा पाटीवर खेळणं हा त्या खेळाचाच अपमान. पाटी काखोटीला मारून निघालो, म्हटलं नवीनच करून आणतो.
ऑर्विल म्हणाला, अरे, पण डाव?
पुढच्या गुरुवारी.
म्हणाला, माझ्या वयात पुढचा गुरुवार उधार मिळत नाही रे, डॉक्टर.
पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाला. रुग्णांना हे आपोआप कळतं.

१९ फेब्रुवारी
पाटीसाठी आणलेलं मेपलचं लाकूड अजून ओलसर. घाई करणार नाही. तोवर ऑर्विलची चाकांची खुर्ची उलटी करून तिचा ब्रेक काढला. तो बायकोविषयी काहीतरी सांगत होता. एडना, की एल्सी. ब्रेक कुठे घासतो ते ऐकायचं होतं, म्हणून दोनदा त्याला गप्प बसवावं लागलं.
ब्रेक आता उत्तम. रुग्णाशी प्रत्यक्ष संपर्क: पूर्ण दुपार.

५ मार्च
कीर्ती पसरली आहे. समोरच्या खोलीतल्या आजींची खिडकी, जेवणघरातला रेडिएटर, बाथरूममधला आधाराचा दांडा. मोरीनला म्हटलं, हे सगळं पत्रात येऊ द्या. ती म्हणाली, मिस्टर एंगस्ट्रॉम, तुमचं व्हॉलंटिअरिंग जरा वेगळंच आहे हो.
मिनेसोटातली माणसं कौतुकात याच्या पुढे जात नाहीत.

१९ मार्च
डबा घरी राहिला म्हणून व्हर्ना तो घेऊन बर्च कोर्टला आली. मी तळघरात होतो. वर येतो तर ती ऑर्विलच्या पलंगावर मांडी ठोकून बसलेली. दोघं क्रिबेज खेळत होते. पाटीशिवाय! गुण कागदी रुमालावर, माझ्या डब्यातले वाटाणे मांडून. ऑर्विल ओरडत होता, बाई, तू लबाडी करतेस! आणि व्हर्ना म्हणत होती, मग पकड ना!
मी दोघांना शांतपणे समजावलं की वाटाणे घरंगळतात.
ऑर्विल म्हणाला, तुझी पाटी येईपर्यंत हेच माझं नशीब.

२ एप्रिल
पाटी तयार. भोकं एका रेषेत, केसाचाही फरक नाही. खुंट्या पितळी, मीच कातलेल्या. ऑर्विलने तिच्यावरून बोट फिरवलं. म्हणाला, देखणी आहे. बस आता. वाट पत्ते.
मी बसणारच होतो. पण पलंगावरचं टेबल डावीकडे कललेलं दिसलं. पाटी सपाट राहिली नाही तर अर्थ काय? पायाखाली पाचर ठोकली. मग उजवीकडे कललं. दुसरी पाचर. डोकं वर केलं तर ऑर्विल झोपलेला.
रुग्णांचा दम कमी पडतो. नोंद घेतली.

१६ एप्रिल
ऑर्विलला न्यूमोनिया. पलंगाला खिळलेला, नाकात नळी. त्याने हात पुढे केला. मी तत्परतेने नाडी मोजली. अठ्ठ्याऐंशी, नियमित.
म्हणाला, नाडी नको रे. हात धर.
म्हटलं, तोच तर धरलाय.
रुग्ण गोंधळलेला. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती म्हणून ते बघायला घेतलं, तर नर्सने मला बाहेर काढलं. व्यावसायिक मत्सर. व्हर्ना संध्याकाळी आली आणि रात्र पडेपर्यंत त्याच्यापाशी बसली. काय केलंस, विचारलं. म्हणाली, काही नाही.
तेच तर. काही नाही.

७ मे
ऑर्विल सावरला. व्हर्ना आता आठवड्यातून तीनदा जाते. तिला कुठे अर्ज करायचा नाही, पत्र नको, काही नको. इतका वेळ असा वाया घालवलेला मी पाहिला नाही. दोघांची पाटी मात्र माझीच, हे तिला रोज सांगतो.

२८ मे
मोरीनकडे पत्र मागितलं. तिने मला खुर्चीत बसवलं, कॉफी दिली. म्हणाली, तुमच्याविषयी दहा पानं लिहीन. पण कॉलेज मला एकच विचारतं: हा माणूस रुग्णाजवळ बसला का? खोटं नको, म्हणून मी ऑर्विलला विचारलं.
मी म्हटलं, मग? काय म्हणाला?
म्हणाला, कोण, व्हर्नाचा नवरा? चांगला माणूस. त्याचे बूट मी कुठेही ओळखीन. बाकीचा तो कायम कशाच्या तरी खाली असतो.
मोरीन म्हणाली, व्हर्नासाठी हवं तर आत्ता लिहून देते.
म्हटलं, व्हर्नाला मेडिकलला जायचं नाही.
म्हणाली, हो ना. वाईट वाटतं.
म्हणजे यंदा अर्ज नाही. मी कॉफी संपवली. कपाचा कान ढिला होता, पण काही बोललो नाही.
मी दारापर्यंत पोचलो तेव्हा तिने हाक मारली. त्यांचा देखभालीचा माणूस ऑगस्टमध्ये निवृत्त होतोय. त्याची जागा, कायमची, तळघरातल्या स्वतंत्र वर्कशॉपसकट. मी ताठ मानेने सांगितलं की मी वैद्यकीय क्षेत्रातला माणूस आहे. नाकारली.
ताशी चौतीस डॉलर, दातांच्या विम्यासह.