मागाची खोली

बाबा, आज एका गिऱ्हाइकानं विचारलं, इतकं थंड घर बांधायला तुम्ही कुठे शिकलात? मी सवयीनं कॉलेजचं नाव सांगितलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आपल्या जुन्या घराची मला तेव्हा लाज वाटायची. कवेलूचं छप्पर, हातभर जाड मातीच्या भिंती आणि उत्तरेच्या खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेला तुमचा माग. बाहेर मेअखेरचा नवतपा पेटलेला असतो, तुम्ही खड्ड्यात पाय सोडून विणत बसलेले असता, आई कडेकडेनं पाणी शिंपडते आणि आत सूत निमूट चालत राहतं. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून आजोबांनी अख्खं घर सुताची तब्येत सांभाळून बांधलं होतं. मला ते दिसलं नाही. मी नुकता आर्किटेक्ट झालो होतो आणि शहाणपण उतू जात होतं.

नव्या घराचा नकाशा तुमच्यापुढे पसरला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "मागाची खोली उत्तरेलेच राहू दे गा. अन् खाली माती ठेव, मले खड्डा लागते."

"फरशीच्या घरात माती कोण ठेवते बाबा? लोक हासतीन. माग फरशीवरच बसवून देतो."

"तू शिकलेला आहे, तुले जास्त समजते," म्हणत तुम्ही नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिलीत.

रस्ता पश्चिमेला, म्हणून मोठी काचेची खिडकी पश्चिमेला. वर सपाट स्लॅब. माग मुद्दाम त्याच खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी चारला भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. तुम्ही ओली पोती टांगलीत, ती तासाभरात वाळायची. सूत तुटायचं, तुम्ही गाठ मारायचात, वीतभर पुढे पुन्हा तुटायचं. मी मोठ्या प्रेमानं टेबलफॅन आणला, म्हणजे उरलासुरला ओलावाही गेला.

मे संपायच्या आत तुम्ही माग उतरवलात. "काहून जी?" आईनं विचारलं.

"डोळ्यानं दिसून नाही राहिलं."

त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलात. चष्म्याशिवाय पेपर वाचायचात, आईला सुईत दोरा ओवून द्यायचात. मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर मी भांडलो असतो, पण ती खिडकी बुजवलीही असती.

आता मी पश्चिमेची भिंत बंद ठेवतो, उजेड उत्तरेचा घेतो, स्लॅबवर सावली करतो. लोक नावाजतात. मला ते ऐकवत नाही.

हे पत्र कपाटातच राहील. तुम्ही गेलात त्या दिवशी जुने विणकर आले होते. त्यांतल्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढा चांगला हात होता, माग काहून सोडला गा तुह्या बाबानं?"

मी म्हणालो, त्यांचे डोळे गेले होते.