माझ्या नावाचा जंतू

३ जून
संकल्प पहिला: यंदा साथरोग विभागाचा प्रमुख व्हायचं. स्पर्धेत फक्त झिपार. बाई हुशार, पण प्रत्येक नमुना पुन्हा पुन्हा तपासत बसते. अशाने करिअर होत नसतं.
संकल्प दुसरा: लॅबमध्ये कुमिस बंद. सासूबाईंनी कुरणावरून घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं, हंगामातलं पहिलं पाठवलंय. घरचा फ्रिज मटणाने भरलेला, म्हणून बाटल्या लॅबच्या फ्रिजात, नमुन्यांच्या मागे. पिणार नाही. नुसत्या ठेवल्यात.

९ जून, सकाळी
सापडला. नारिनच्या कुरणात बिळं करून राहणाऱ्या मार्मोटच्या, म्हणजे डोंगरी खारीच्या, रक्तात नवा जंतू. प्लेगपासून सगळ्या रोगजंतूंच्या जीनोमशी ताडून पाहिला, कुणाशी नातं नाही. नाव ठरलं: सादिर्बाएवी. माझं आडनाव शोभून दिसतं.
झिपार म्हणाली, रोग न करणाऱ्या जंतूंशीही ताडून बघू. जळते.
आनंदात एकच वाटी घेतली. उद्यापासून बंद.

१४ जून
माझ्या रिपोर्टवरून कुरण सील. दूध-कुमिस सगळं ओतून टाकायचा हुकूम. कुरण नेमकं सासूबाईंचंच निघालं. बायको, बुरूल, बोलत नाही. विज्ञानाला नातीगोती नसतात, हे तिला कोण सांगणार?
(बाटल्या पुरवून प्यायला हव्यात.)

१९ जून
मी स्वतः पॉझिटिव्ह. अंगात कणकण. पेपरात माझा फोटो काळ्या चौकटीत येईल, निळ्या सुटातला द्यावा.

२० जून
संचालकही पॉझिटिव्ह. माझ्याकडचं कुमिस तेही घेतात. त्यांनी विचारलं, मग आजारी कुणीच कसं नाही? म्हटलं, जंतू कावेबाज आहे. कणकण गेली.

२४ जून
झिपारने फ्रिजातली, नमुन्यांवर गळणारी माझी बाटली तपासली. जीनोम तंतोतंत तोच. भर मीटिंगमध्ये, शांतपणे म्हणाली, "एर्मेकदादा, तुमचा हा जंतू आपण पिढ्यान् पिढ्या पितोय. त्यानेच तर दूध आंबतं."
संचालक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

२७ जून
झिपार विभागप्रमुख. तिची पहिली ऑर्डर: मी कुरणावर जाऊन मार्मोटचे नमुने नव्याने आणायचे. आणि माफी मागायची.

२८ जून, कुरणावर
तंबूत कुमिसची कातडी पिशवी रिकामी लटकत होती. लाज वाटली, खरंच वाटली. सासूबाईंनी शेजारच्या कुरणावरून उसनं कुमिस आणलं, वाटी भरून माझ्यासमोर ठेवली.
"प्या जावईबापू. तुमच्याच नावाचं आहे."
दोन वाट्या झाल्या. उद्यापासून बंद.