मौनाच्या आठवड्यातली चिठ्ठी

फादर रेक्टर,

काल तुम्ही दारात येऊन म्हणालात, "ताई, सेमिनरी म्हणजे एक कुटुंब. रविवारी आभाराच्या कार्यक्रमात दोन शब्द बोला."

कुटुंबातलं माणूस पडलं तर घरचे बोंब मारतात, फादर. माझा नवरा एकोणीस वर्षं तुमच्या या पाद्री घडवणाऱ्या शाळेत स्वयंपाकी होता. तुमच्या मौनाच्या आठवड्यात, ऐन जेवणाच्या वेळी, तो शेगडीपाशी कोसळला. भात आणायला आत गेलेल्या शिकाऊ ब्रदरनं त्याला पाहिलं आणि मौन मोडू नये म्हणून चिठ्ठी लिहिली: "स्वयंपाकी पडले आहेत." ती लांबलचक टेबलावरून एकेका हातातून सरकत तुमच्या ताटापाशी आली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणायला हवं होतं.

अंत्यविधीला तुम्ही सांगितलंत, तो शांतपणे गेला. शांत तुम्ही होतात.

ती चिठ्ठी मी मागून घेतली. मोठेपणी एकटीनं वाचायला शिकले होते, ते हे वाचायला. अक्षर मोत्यासारखं आहे.

हे पत्र टाकणार नाही. त्या चिठ्ठीसारखं तुम्ही तेही मुकाट्यानं वाचून घडी घालाल. रविवारी येते. माईक तेवढा चालू ठेवा. आभार सोडून सगळं बोलेन.

ज्याच्या हातचं तुम्ही तेव्हा जेवत होतात,
त्याची बायको