मुंगीचा चष्मा

११ फेब्रुवारी

चष्मा आला! एवढासा, माझ्या दोन बोटांवर मावेल. काचा मात्र जाड, कडेने बघितलं तर बाटलीचं बूड. मागे इलॅस्टिकचा पट्टा. चष्मेवाला म्हणाला, आजी, आमच्या दुकानातलं हे सगळ्यात लहान गिऱ्हाईक. मी म्हटलं, जन्मली तेव्हा बघायला हवी होती! सातव्या महिन्यातच आली, वीतभर. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली, बोटं म्हणजे मुंगीचे पाय. तेव्हापासून मुंगीच. आता अडीच वर्षांची झाली तरी खरं नाव फक्त दवाखान्यात घेतात.

चष्मा घातला. तिने काढला. फेकला. सोफ्याखाली गेला. मी आडवी होऊन काढला, गुडघ्यांनी बोंब मारली. पुन्हा घातला, पुन्हा तेच. दिवस असाच गेला.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचं बोलणं लिहून ठेवते. नाहीतर मी भलतंच सांगत सुटते, असं ह्यांचं म्हणणं. माझी चौथी झालेली, ह्यांची मॅट्रिक, तेव्हा ऐकावं लागतं.

तर, लवकर जन्मलेल्या मुलांचा डोळ्यामागचा पडदा कोवळा असतो. मुंगीच्या पडद्यावर नसा वेड्यावाकड्या वाढल्या. पेटीत होती तेव्हाच लेझर केलं, पडदा वाचला. पण अशा मुलांना पुष्कळदा लांबचं दिसत नाही. मुंगीचा नंबर उणे नऊ! चष्मा लावला नाही तर डोळा नीट बघायला शिकतच नाही, न् मग मोठेपणी कितीही भारी चष्मा द्या, व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून जागी असेल तेवढा वेळ चष्मा डोळ्यावर पाहिजे.

म्हणजे मुलगा-सूनबाई कामावर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत मी. हे मदत करतात, पेपरामागून सूचना करून.

सूनबाई म्हणाली, ‘आई, तुम्हाला नाही झेपायचं. मी नोकरी सोडते.’ पेटीच्या दिवसांत हिची पहिली नोकरी गेली. ही दुसरी किती खेटे घालून मिळालीय मला ठाऊक. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? तू जा.

१५ फेब्रुवारी

गाणी झाली. गोष्टी झाल्या. बाहुलीला सुतळीचा चष्मा केला, तर तो बाहुलीसकट फेकला.

मुंगी मला आवाजावर ओळखते. म्हणून अंग दमलं तरी आवाजाला दमू देत नाही मी. तोंडाचं काय व्हायचं ते होवो, आवाज ठणठणीत! दुपारी सूनबाईचा फोन येतो, तिलाही तोच आवाज. ‘आई, मजेत दिसताय.’ दिसताय म्हणे, फोनवर!

एक मात्र आहे. मुंगीची माझ्यावर भारी माया. दोन्ही हातांनी माझं तोंड धरते, नाकाला नाक लावते न् बघत बसते. मुंग्या नाही का, वाटेत भेटल्या की तोंडाला तोंड लावतात, तस्सं. आईलासुद्धा एवढा वेळ नाही लावत. असं सांगू नये. शेजारच्या दोघींना सांगून झालंय.

१८ फेब्रुवारी

सापडलं! सहज ह्यांचा वाचायचा जुना चष्मा नाकावर ठेवला न् म्हटलं, बघ, आज्जीला पण. तर बाईसाहेबांनी आपला राहू दिला! मी काढला की ती काढते. मी घातला की ती घालते. मग काय, चढवला दिवसभर. मोतीबिंदू काढल्यापासून मला चष्मा लागत नाही, पण आता लागला.

हे म्हणाले, ‘चाळीस वर्षांनी का होईना, माझ्या नजरेनं घर बघतेयस. जपून चाल.’ दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलंच.

२० फेब्रुवारी

ह्या चष्म्यातून हातातलं स्वच्छ दिसतं. हाताबाहेर सगळं धुकं. माणसांची तोंडं म्हणजे कणकेचे गोळे. मुलगा दारात उभा राहून काही म्हणाला. रागावलाय की काय? मी घाबरले. तो म्हणाला, ‘आई, मी हसतोय गं.’

संध्याकाळी ह्यांचंही तसंच. कळेना. म्हणून जवळ गेले, अगदी तोंडाजवळ तोंड. हे दचकलेच. ‘आता ह्या वयात?’ म्हणाले. काय हसलो दोघं!

हसता हसता माझं हसू जागीच थांबलं. मुंगीचंही हेच की! माया कसली? आज्जीचं तोंड आज कसं आहे ते बघत होती बिचारी. एवढं जवळ आल्याशिवाय तिला दिसत नव्हतं. न् मी गावभर सांगत सुटलेली.

२१ फेब्रुवारी

डोकं ठणकतंय. आज लिहीत नाही.

२६ फेब्रुवारी

आता माझ्याकडे न बघताही ती चष्मा राहू देते, अर्धी सकाळ तरी. काय काय दिसतं तिला! घड्याळाचा काटा. समोरच्या गॅलरीतला टॉवेल. छतावर पाल आहे हे तिला आजच कळलं, इतके दिवस डोक्यावरच होती. दिवसभर पालीला हाका. पाल बिचारी ट्यूबलाइटमागे जाऊन बसली.

नाकाला नाक लावायला मात्र येत नाही आता. कशाला येईल? दिसतं की लांबून. चांगलंच आहे. नाकाला जरा गार वाटतं, एवढंच.

दमले मात्र फार. कंबर सकाळीच संपते, न् दिवस बाकी असतो. दुपारी ओट्याला टेकून जमिनीवर बसते तेवढंच. कुणाला कळू दिलेलं नाही. सूनबाईला कळलं की नोकरीवर पाणी.

२८ फेब्रुवारी

दुधात मीठ घातलं, साखर समजून. मुंगीने तोंडातलं माझ्या पदरावर टाकलं. सगळ्यांना म्हटलं, चष्म्यामुळे झालं. चष्म्यामुळे नव्हतं. तेव्हा चष्मा कपाळावर होता.

३ मार्च

दुपारी ओट्याला टेकून बसले होते. मुंगी दारात आली. मी लगेच ठणठणीत आवाज काढला, कोण गं ते? आज्जीची मुंगी? ती पुढे आली नाही. तिथूनच, चष्म्यातून, माझ्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘आज्जी दमली.’

ह्यांचा पेपर खाली आला.

तिने आपली उशी ओढत आणली, माझ्याशेजारी जमिनीवर ठेवली. मी निजले. जाग आली तेव्हा उजेड उतरला होता. हे तिला घेऊन पाल शोधत होते. चष्मा तिच्या डोळ्यावरच होता.