बाई, पाय उचला

प्रिय टिचकी,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, तुझ्या बाबांचा गुडघा सोडला तर, आणि त्याचं दुखणं आता बातमी म्हणण्याइतकं नवीन राहिलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस आणि मी तुला पहिल्यापुढे. मंगळवारी तू सांगितलंस की फिरत्या परिचारिकेची ती जागा तुला मिळाली. अकरा वस्त्या, घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल, अगदी तुला हवं होतं ते काम. आणि त्याच दमात म्हणालीस की तू नकार कळवणार आहेस, कारण गाडी स्वतः चालवावी लागते आणि ती तुला येत नाही. वीस तारखेपर्यंत मुदत आहे. आज अकरा. तेव्हा हे पत्र वाचून होईपर्यंत तरी कुणाला काही कळवू नकोस. आधी गाडीचं सांगते.

हो, गाडी घेतली. तू अर्ज केलास असं कळलं त्याच आठवड्यात घेतली आणि दोन महिने तुझ्यापासून लपवली. नऊ वर्षांची आहे, राखाडी, एका दातांच्या डॉक्टरांची. घरापासून दवाखाना अर्धा किलोमीटर, नऊ वर्षं तेवढीच ये-जा, त्यामुळे गाडी फारच कमी पळलेली. मला वाटलं, घबाडच हाती लागलं. मी बॉनेट उघडून बघितलं, टायर दाबून बघितले, क्लच दाबून बघितला आणि सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या बाईच्या थाटात मान डोलावली. डॉक्टर इतक्या लगबगीने किल्ली देऊन आत गेले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मी तेव्हा आरशात स्वतःला बघत होते.

दुसऱ्या दिवशी तुझे बाबा गाडी घेऊन भाजी आणायला गेले आणि औषधांच्या दुकानासमोरच्या सिग्नलला ती बंद पडली. चालू केली, पुढच्या सिग्नलला परत बंद. बाबांचं म्हणणं असं, की उभी राहिली की गाडीला कापरं भरतं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली-वर नाचायला लागतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की एक आचका देऊन ती गप्प होते. संध्याकाळी मी तीच गाडी त्याच रस्त्याने नेली. एकदाही बंद पडली नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी नेली, चार वेळा बंद. मी नेली, एकदाही नाही. आता यातून कोणताही शहाणा माणूस जो निष्कर्ष काढील तोच मी काढला. मी बाबांना सांगितलं की दोष गाडीत नाही, तुमच्यात आहे.

त्यानंतरचे तीन आठवडे या घरात कसे गेले ते तू नव्हतीस म्हणून तुला ठाऊक नाही, शेजाऱ्यांना मात्र पाठ आहेत. बाबांनी एक वही सुरू केली. गाडी कुठे बंद पडली, किती वाजता, आधी किती वेळ चालू होती, ऊन होतं की ढग, सगळं त्यात लिहिलं. मग त्यांनी पेट्रोलवर संशय घेतला आणि तीन पंप बदलले. एका पंपावरच्या माणसाला तर त्यांनी इतके प्रश्न विचारले की त्याने नळी त्यांच्याच हातात देऊन, तुम्हीच वास घेऊन बघा, असं सांगितलं. मग स्पार्क प्लगवर संशय. चारही नवे आणले, मला टॉर्च धरून तासभर उभं केलं, आणि बसवून झाल्यावर गाडी दारातच बंद पडली. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाले, तुझं हे बघणं पुरे.

मग मी त्यांना शिकवायला घेतलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, जन्मभर गाडी चालवलेला, आणि मी त्यांना रोज सकाळी मोकळ्या मैदानावर नेऊन क्लच हळू सोडायला लावत होते. हवं तर हस. ते चिडून मुद्दाम हॉर्न वाजवायचे. एकदा तर भर मैदानात उतरून चालत घरी आले, गुडघ्यासकट. मी मागून गाडी घेऊन आले, अर्थात एकदाही बंद न पाडता, आणि खरं सांगते टिचकी, मला तेव्हा फार बरं वाटत होतं.

शेवटी दचक्याकडे गेले. दचक्या तुला आठवेल, माझ्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. गाडी अशी काही हिसके देत चालवायचा की मीच हे नाव ठेवलं होतं. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, केस पिकलेत, चार माणसं हाताखाली आहेत, पण मला बघितलं की अजून हातातलं फडकं मागे लपवतो. मी गाडी आत नेली, चालू ठेवली. त्याने कान देऊन ऐकलं, कॉम्प्युटर जोडून बघितला, काही निघालं नाही. म्हणाला, बाई, गाडी तर झकास चाललीय. मी विजयी मुद्रेने घरी आले. बाबांनी वहीत लिहिलं, गॅरेजवाला हिला घाबरतो.

असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला दचक्या दार उघडून माझ्या पायांशी वाकून बसला. मला वाटलं, स्क्रू पडला असेल. बराच वेळ बघून तो अगदी हळू, वर्गात चुकीचं उत्तर देताना बोलायचा तसा, म्हणाला, बाई, पाय उचला. मी म्हटलं, पाय ब्रेकवर आहे. तो म्हणाला, हो, पण त्याची बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर आहे. मी खाली बघितलं. होती. अगदी थोडी, आपण झोपलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो ना, तेवढीच. स्कूलची पहिली खटारा गाडी दर चौकात बंद पडायची, तेव्हा लागलेली ही खोड. गाडी मरायला लागली की माझा पाय तिला जरासं पेट्रोल देतो आणि मला ते कळतसुद्धा नाही. मी पाय उचलला. गाडीने दोन गचके खाल्ले आणि बंद पडली. गॅरेजातली चारही माणसं एकदम आपापल्या कामाला लागली.

म्हणजे तीन आठवडे दोष गाडीत होता, आणि तो दिसत नव्हता तो माझ्यामुळे. बाबांना हे सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांनी वही माझ्यासमोर उघडी ठेवली आणि फिरायला गेले.

आता इथे मला तुझ्या शिकण्याचे ते तीन महिने आठवणं भागच होतं. शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते आणि माझे पाय त्यांच्यावरून कधी हलले नाहीत. तू विचारायचीस, आई, आत्ता गाडी मी थांबवली की तू? मी म्हणायचे, तूच. कधी ते खरं असायचं, कधी नसायचं. पुढे पुढे तू विचारायचंच सोडलंस, आणि मला वाटलं, पोरीला आत्मविश्वास आला.

असो. दचक्याने दुखणं शोधलं ते असं. इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी एक गोल झडप असते, तिला हे लोक थ्रॉटल म्हणतात. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा तीच उघडते, आणि गाडी नुसती उभी असते तेव्हा तिच्या कडेने जेमतेम पुरेल एवढी हवा आत जाते. रोज अर्धा किलोमीटर चालून गाडी कधी नीट तापलीच नाही, आणि त्या झडपेच्या कडेला काळं कीट साठत गेलं. हवेची वाटच बुजली. जन्मभर लोकांच्या दातांवरचं कीट काढलेल्या माणसाने स्वतःच्या गाडीला एकदा तरी आ करायला सांगायचं होतं! दचक्याने फवारा मारून जुन्या टूथब्रशने ते सगळं घासलं. पांढरं फडकं काळंकुट्ट झालं. मी म्हटलं, आता चूळ भरायला लाव. तो हसला नाही, माझ्यासमोर हसायची त्याची अजून हिंमत नाही.

मला वाटलं, झालं. तर गाडी चालू केल्याबरोबर इंजिन असं काही किंचाळायला लागलं की मी कानांवर हात ठेवले. मी दचक्यावर ओरडले, बिघडवलीस ना! तो शांत. म्हणाला, बाई, हिच्या कॉम्प्युटरला इतकी वर्षं बुजलेल्या वाटेची सवय आहे, म्हणून तो झडप जास्त उघडी धरतोय. आता वाट मोकळी झालीय, हे त्याला कळायला वेळ द्यायचा. दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची आणि कुणी कशाला हात लावायचा नाही, पाय तर मुळीच नाही.

दहा मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं म्हणून मी आत बसून राहिले. तिसऱ्या मिनिटाला फेऱ्या खाली आल्या, गाडी कापायला लागली, आणि माझा पाय गेला. दचक्या म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पाचव्या मिनिटाला गेला. मी शपथेवर सांगते, मी पाठवला नव्हता. तेव्हा माझ्या त्या विद्यार्थ्याने दार उघडलं, मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि टायरांच्या ढिगाशेजारच्या बाकड्यावर नेऊन बसवलं. वर म्हणाला, इथून हलायचं नाही. सव्वीस वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. मी बसले. समोर रिकामी गाडी थरथरत होती. एकदा तर इतकी खाली गेली की मी अर्धी उठले, आणि दचक्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग ती आपली आपण वर आली. परत खाली गेली, परत सावरली. शेवटी आवाज असा एकसारखा लागला की शेजारी उभ्या माणसाला गाडी चालू आहे की नाही हे विचारावं लागलं असतं. आता बाबाही नेतात, सगळ्या सिग्नलांना थांबतात, आणि हिरवा लागल्यावरही मुद्दाम क्षणभर जास्त थांबतात, मी शेजारी असेन तर.

तू म्हणशील, आई आता गाडीवरून माझ्यावर येणार. येणारच आहे, बाकड्यावरून उठताना तेच ठरवलं. सहा वर्षांपूर्वी तू लायसन्सच्या परीक्षेत नापास झालीस, शिकाऊचा तो फलक कपाटामागे टाकलास आणि तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाहीस. कुणी विचारलं की म्हणतेस, मला जमत नाही, माझी आई शिकवायला होती तरी जमलं नाही. मी शेजारी उभी असते आणि ऐकून घेते. तुझी परीक्षा घेणारे ते परीक्षक आपल्या स्कूलच्या ऑफिसात चहाला यायचे, तुला माहीत आहे. तुझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझी मुलगी आहे म्हणून सूट देऊ नका. एवढ्यावर थांबले असते तर लोकांनी कौतुकच केलं असतं. पण मी पुढे म्हटलं, ह्या वेळी तिला पास करूच नका, अजून तयार नाही ती. तू तयार होतीस. लायसन्स हातात आलं की तू दुसऱ्या गावी जाणार होतीस, रोज एकटी, शेजारी माझा पाय नसताना, आणि मला ते सहन होत नव्हतं. मला वाटलं, एक महिना थांबेल, मग परत देईल. तू परत दिलीच नाहीस. दरवर्षी सांगायचं ठरवलं आणि दरवर्षी भ्याले. त्या सकाळी चौदा जण होते. चढावर थांबवून पुन्हा निघताना तेरा जणांची गाडी मागे सरकली, तुझी तसूभरही सरकली नाही, हे परीक्षकांनी स्वतः मला सांगितलं, आणि मग विचारलं, नक्की नापास करू ना? मी हो म्हटलं. माझ्यावर हवं तेवढं रागव, इथे येऊन रागव, महिनाभर बोलू नकोस, मी काही म्हणणार नाही. ती नोकरी नको असेल तर नको म्हणूनही कळव. पण मला गाडी येत नाही, असं त्यांना लिहू नकोस, टिचकी. ते खोटं आहे, आणि ते खोटं माझं आहे.

तुझीच, अपराधी पण धडधाकट,
आई